सूनबाईची बातमी

बँडवाल्यांनी ढोल गळ्यात अडकवले, उतरवले, पुन्हा अडकवले. वाजवायचं की नाही हे कुणी सांगेना. आबांच्या अंगणात अख्खी गल्ली जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पक्षाच्या चॅनेलवर आबा जिंकले होते. गावातल्या दुसऱ्या चॅनेलवर आबा हरले होते.

आणि हे दुसरं चॅनेल म्हणजे नेमकं सूनबाईचं. ती तिथे बातम्या वाचायची. आता आली का पंचाईत!

आबा म्हणजे नगराध्यक्ष. लागोपाठ निवडून आलेले, त्यामुळे हरतात कसं ते विसरलेले. प्रत्येक सभेत त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "त्या चॅनेलवर विश्वास ठेवू नका, सगळं विकलेलं आहे!" टाळ्या पडायच्या. सकाळी घरात मात्र निराळाच खेळ. सूनबाई पायात चपला सरकवताना आबा विचारायचे, "निघालीस का खोटं बोलायला?"

"हो आबा. तुमचं काही राहिलं असेल तर द्या, तेही बोलून टाकते."

सासूबाईंना हसता हसता ठसका लागायचा. मुलगा परगावी नोकरीला, पण या तिघांचं घर कसं मजेत चाललं होतं.

बिनसलं ते एकदाच, मतदानाच्या दिवशी. संध्याकाळी गल्लीतली माणसं एकामागून एक आली आणि पोराबाळांच्या शपथा घेऊन सांगून गेली, "साहेब, मत तुम्हालाच." भोंग्यानं तर आईची शपथ घेतली. भोंगा हा आबांचा उजवा हात. त्याला माइक लागत नाही म्हणून हे नाव. सगळे गेल्यावर सूनबाई आबांना चहा द्यायला आली आणि काहीतरी हळूच बोलली. आबांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. मतमोजणी लांबली होती, आणि नंतर बरेच दिवस ते तिच्या हातचा चहा प्याले नाहीत. मग एका सकाळी आपणच ओरडले, "सूनबाई, चहा टाक गं! तुझ्या सासूचा आता घशाखाली उतरेना." काय बोलणं झालं होतं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, तरी नाहीच.

आज भोंगा खुर्चीवर चढला होता. "साहेब, तुम्ही नुसतं हो म्हणा! त्या चॅनेलच्या ऑफिसची एक काच शिल्लक ठेवत नाही. कॅमेरे रस्त्यावर आणून फोडतो!"

पोरांनी कोपऱ्यातल्या विटा उचलल्या सुद्धा. आबांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं, आणि त्या ऑफिसात सूनबाईच्या बरोबरीची माणसं कामाला बसली होती. आबांना ते ठाऊक होतं. पण आपण जिंकलोय असं समोर शंभर माणसं ओरडून सांगत असताना हरलो म्हणायला जीभ रेटत नाही हो!

तेवढ्यात फाटक वाजलं. सूनबाई मतमोजणीच्या ठिकाणाहून थेट घरी आली होती.

"आली बघा विकलेली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"कोण रे तो? पुढे ये!" सासूबाई दारातून कडाडल्या. कुणी पुढे आलं नाही.

आबा उठले. "सूनबाई, निकालाचा कागद तू स्वतः बघितलास?"

"डोळ्यांनी, आबा. बघितल्याशिवाय आमच्यात बातमी वाचत नाहीत. अधिकाऱ्यानं सही करून भिंतीला लावला. मी दोनदा वाचला. वाटलं, पहिल्यांदा चुकले असेन." ती आबांसमोर येऊन उभी राहिली. "हरलात, आबा. आपल्या गल्लीत सुद्धा मागे पडलात."

आबांनी समोर बघितलं. रस्त्यापलीकडे नव्या दवाखान्याची पाटी होती, तिच्यावर त्यांचंच नाव. उद्घाटन थाटात झालं होतं. डॉक्टर काही आला नाही. दाराला कुलूप तसंच होतं आणि आता ते गंजायला लागलं होतं.

आबांना वाईट वाटलंच. पण थोड्या वेळानं, नवल म्हणजे, बरं वाटलं. घट्ट जोडे काढून ठेवल्यावर वाटतं तसं. त्यांनी पोरांना विटा जागच्या जागी ठेवायला लावल्या आणि बायकोला हाक मारली. "अगं, बँडवाल्यांना चहा दे आणि घरी पाठव. हरलो आपण."

"साहेब, कुणाचं ऐकताय!" भोंगा खुर्चीवरून खाली उतरायलाच तयार नव्हता. "ती त्यांचीच ना? तिचं खरं आणि आपल्या माणसांचं खोटं, हे कशावरून?"

आबांनी आपली खुर्ची सूनबाईकडे सरकवली, तिला बसवलं आणि तिच्या शेजारी उभे राहिले. ते चक्क हसत होते.

"कशावरून सांगू? मतदानाच्या दिवशी ही मला तोंडावर म्हणाली होती, 'आबा, दवाखान्याचं कुलूप काही निघालं नाही, म्हणून मी तुम्हाला मत दिलं नाही.'" त्यांनी अंगणभर नजर फिरवली. "दिलं म्हणून शपथा तर तुम्ही सगळ्यांनी घेतल्या होत्यात."