पुसलेली आठवण

"यंत्राला तुमच्या डोक्यात त्या जाळपोळीची आठवणच सापडली नाही, म्हणून आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"निर्वासितांच्या छावणीतल्या डॉक्टरांनीच ती पुसली होती," वकील मुक्ता देऊळगावकर म्हणाली. "झरघुनाबाईंना झोप लागेना म्हणून. त्या आठवणीची प्रत आम्ही आणली आहे. ती परत बसवता येते." मग झरघुनाकडे वळून ती हळूच म्हणाली, "पण एकदा बसवली की पुन्हा पुसता येणार नाही. विचार करा."

"नाही बसवली तर?"

"सोमवारी परत पाठवतील."

झरघुनाने यंत्राची टोपी स्वतःच डोक्यावर ओढली. समोरच्या पडद्यावर पेटलेलं गाव दिसू लागलं. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. अचानक ती उठली आणि ओरडली, "युनूस!"

"पुरे, बंद करा ते. अपील मंजूर," न्यायाधीशबाई घाईने म्हणाल्या.

झरघुनाला ते ऐकूच गेलं नाही. तिने मुक्ताचा हात धरला. "मला मुलगा होता. ताई, तुम्हाला माहीत होतं?"

मुक्ताने मान खाली घातली. "हो."

"चार वर्षांचा होता," झरघुना म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासाठी रडली.