नाव घेतल्याशिवाय पास नाही

"साहेब, उत्तर मले येते हे तुमाले दिसून राह्यलं, तरी तुमी मले नापास करता!"

रुख्मिणी हे बोलली आणि केनवडच्या शाळेच्या दारात जमलेल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. परीक्षक साहेबांशी असं कुणी बोलत नसे. पण अमरावतीच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगची जागा या तोंडी इंग्रजीवर अडली होती, आणि ते इंग्रजी तिनं चुलीपुढं बसून, डोळ्यांत धूर घेत घोकलं होतं.

साहेबांनी आधी ओसरीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याला नाव विचारलं होतं आणि त्याच नावाचं वाक्य केलं होतं: 'शालिग्राम गो टू वाशिम यस्टरडे.' क्रियापद भूतकाळात करा, अख्खं वाक्य म्हणा.

"वेंट," ती पटकन म्हणाली होती.

"कोण वेंट?"

"ही वेंट."

"नाव घ्या. मास्तरीण व्हायचंय ना? मग ही बुरसटलेली भीती घरी ठेवून यायचं."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला बाळकडूच. ओठ हलले, पण आवाज फुटेना. साहेबांनी नापासाचा शेरा मारायला टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात सासू, गोजराबाई, पदर खोचून आत शिरली. आता ही आपल्याला ओढत घरी नेणार, असं रुख्मिणीला वाटलं.

"घे वं त्याचं नाव!"

"आत्याबाई, त्याईले काही झालं तं?"

"म्या जलमभर माह्या मालकाचं नाव तोंडातून काढलं नाही. वाचला का तो पलेगात?" म्हातारीचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "अन् हा तुहा! बैलाखाली आला, विहिरीत पडला, तरी बसला हाय बाहेर बिडी फुकत. तुह्या जिभेनं मरते काय?"

रुख्मिणीनं डोळे मिटले.

"शालिग्राम वेंट टू वाशिम यस्टरडे."

एका बाईनं तोंडावर पदर धरला. ओसरीवरून ठणठणीत आवाज आला, "जित्ता हावो मी!"

बाया खुसखुसल्या. साहेबही हसले. टाक चालला, शेरा पडला: पास.

"या आता."

रुख्मिणी खुर्चीवरून उठली नाही.

"साहेब, माहा बी एक सवाल हाय. तुमच्या घरच्या बाई तुमचं नाव घेतात?"

साहेब घाईघाईनं कागद आवरू लागले.

"सांगा ना, साहेब. मी बसून हावो."