काटा ठरेना

बॉयलरच्या दाबाचा काटा दीडवर आला तसा नेवेनानं पाण्याचा कॉक बंद केला.

"आता टिकेल," ती म्हणाली.

"मगाशीसुद्धा टिकणारच होता." देसांका आजीनं लाटणं उचललं आणि बॉयलरजवळच्या पाइपवर तीनदा ठोकलं.

"आजी, ठोकून पाइपातली हवा निघत नाही."

"तुमच्या विद्यापीठात नसेल निघत."

जरा वेळानं भिंतीपलीकडून ठकठक ऐकू आली.

"बघ, चिडली चेटकीण," आजी म्हणाली आणि समाधानानं पावाला भाजलेल्या लाल मिरच्यांचं ऐवार फासायला बसली.

पलीकडे आजीची धाकटी बहीण विदा राहायची. दोघींनी मधोमध भिंत घालून आईचं घर वाटून घेतलं होतं. मग अंगणातल्या अक्रोडावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. ते नेवेनाच्या जन्माआधीपासून.

न्हाणीघरातला गंजलेला रेडिएटर बदलायला प्लंबर आला होता. त्यासाठी त्यानं सगळ्या पाइपांतलं पाणी काढून टाकलं, नवा रेडिएटर बसवला, "आता फक्त पाणी भरा" म्हणाला आणि मेव्हणीच्या लग्नाला निघून गेला. तेव्हापासून पाणी भरलं की काटा चढायचा, आणि पाठ वळली की उतरायचा. दाब नसला की घर तापवणारा बॉयलर पेटत नव्हता. बाहेर बोचरा कोशावा वारा खिडक्या हलवत होता.

बाबांनी नेवेनाला फोनवर बजावलं होतं, "उद्या सकाळपर्यंत घर गरम झालं नाही, तर गाडी घेऊन येतो. हिवाळाभर आईनं नोवी सादला आपल्याकडे राहायचं. आता तिचं काही ऐकणार नाही मी."

"मी हलणार नाही," आजीनं पुन्हा सांगितलं.

"पण का? तिथे ऊब आहे, आम्ही सगळे आहोत."

"आणि इथे हिला रान मोकळं सोडू? माझी पाठ वळली की अक्रोडावर कुऱ्हाड घालेल. तू खा आधी. उपाशीपोटी कसलं आलंय पदार्थविज्ञान?"

नेवेना पाव चघळतच उठली. प्रत्येक सांध्याखाली तिनं वर्तमानपत्र पसरलं होतं. कागद कोरडे होते. हवा सोडायची छोटी पितळी चावी लावून तिनं एकेक रेडिएटर पुन्हा तपासला. हवा कुठेच नव्हती, नुसतं पाणी.

"या हत्यारांच्या पेटीत अशा दोन चाव्या असतात ना गं?"

"एक हरवली. कधीचीच."

काटा पुन्हा शून्याकडे चालला होता. नेवेना पाण्याचा मीटर पाहून आली.

"आजी, या घरातल्या रेडिएटरांत मावेल त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी आत गेलंय. आणि फरशी कोरडी! पाणी काही हवेत विरत नाही."

"मग आणखी सोड."

"गळती सापडल्याशिवाय?"

"तू सोड तर. तुझे आजोबा असे प्रश्न विचारत नव्हते."

बाहेरच्या भिंतीवर कुठे ओल आलीय का, ते पाहायला नेवेना अंगणात गेली. परतली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"विदाआजीच्या धुराड्यातून धूरसुद्धा दिसत नाही. एवढ्या थंडीत!"

"कंजूष आहे. लहानपणापासून तशीच. एक ओंडका जाळेल तर शपथ." आजीनं नातीचे गार हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळले. "सोड ना गं पाणी."

नेवेनानं सोडलं. काटा दीडवर. आजीचं लाटणं. पलीकडून ठकठक. यावेळी मात्र नेवेना काट्यासमोरून हलली नाही. ठकठक झाली आणि काटा उतरू लागला.

"सापडलं!" ती ओरडली. "आजी, तुझ्या ठोकण्यामुळेच होतंय हे! भिंतीत कुठेतरी पाइपला चीर गेलीय. हादरा बसला की ती उघडते आणि सगळं पाणी त्यांच्या बाजूला जातं. त्यांची जमीन भिजत असेल, म्हणून त्या ठोकतायत. मी जाऊन बघते."

"त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही!" आजी ताडकन उभी राहिली.

"पाणी घरात शिरलं असेल त्यांच्या."

आजी कपाटाकडे वळली. वर ओळीनं मांडलेली बिहीची फळं ती उगाच सरळ करू लागली.

"जायचंच असेल तर शाल घे," शेवटी ती पुटपुटली. "आणि मी पाठवलं म्हणून सांगू नकोस."

पलीकडचं दार पहिल्याच थापेला उघडलं. विदाआजी ओव्हरकोट घालून, डोक्याला रुमाल बांधून उभी होती. मागची जमीन खडखडीत कोरडी होती. खिडकीखाली पांढरा, जाड फासळ्यांचा रेडिएटर होता, हुबेहूब आजीकडच्यासारखा. विदाआजीच्या एका हातात गढूळ पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात छोटी पितळी चावी.

"बोगदानची मुलगी ना तू? मोठी झालीस," ती म्हणाली. "तिला सांग, माझा वरच्या खोलीतला रेडिएटर अजून फुरफुरतोय, आणखी थोडं पाणी सोड म्हणावं. आणि ठोकायचं ते जरा हळू. मी काही बहिरी नाही झाले."