शालनवहिनी गप्प बसल्या

“आमची शालन हॉटेलात जेवली आणि ‘ह्यापेक्षा मी घरी चांगलं करते’ असं म्हणाली नाही, तर मी कमरेला फडकं बांधून अख्ख्या खानावळीला वाढीन!” कट्ट्यावर बसलेल्या बापू मेत्र्यांनी मांडीवर थाप मारली.

शेजारच्या खोतांनी लगेच टाळी दिली. “आणि वहिनी म्हणाल्या, तर मी वाढतो!”

रविवारी दोन्ही घरं खानावळीत. शालनवहिनींनी तांबडा रस्सा भुरकला. बापू कान टवकारून बसले. वहिनी गप्प.

“जरा पातळच आहे, न्हाई?” बापूंनी गळ टाकला.

“छान आहे की.”

“मटण चिवट लागतंय मला.”

“लोण्यासारखं आहे. खावा गुमान.”

खोत मिशीत हसायला लागले. बापूंना घाम फुटला, आणि तो काही तिखटाचा नव्हता. वहिनींनी भाकरीचा शेवटचा तुकडा संपवला, तृप्तीचा ढेकर दिला आणि म्हणाल्या, “अहो, तुमचा कट्टा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे म्हटलं. उठा आता, बांधा फडकं!”

खोत टेबलावर बुक्क्या मारत सुटले. मालकांनी तर आनंदानं रश्शाची बादलीच बापूंच्या हातात दिली. बापू “रस्सा, रस्सा” ओरडत टेबलांमधून पळायला लागले आणि गल्लीतलीच ओळखीची माणसं वाट्या नाचवत “ओ बापू, इकडं!” म्हणून बोंबलायला लागली.

वहिनींनी ताट पुन्हा पुढं ओढलं. “ओ वाढपी, इकडं पांढरा आणा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाढताय, जरा हसून वाढा!”