देवाच्या कानावर

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात सफ्तामावशी पापकबुलीला गेली, तेव्हा तिच्या चुगल्यांना विटलेल्या फादर ग्रिगोरेंनी प्रायश्चित्त दिलं, "ईस्टरपर्यंत माणसांशी अवाक्षर बोलायचं नाही. काय असेल ते देवाला सांगायचं."

मावशीने तोंडाला कुलूप घातलं.

ईस्टर उजाडला, तर आठवडाभर चर्चमध्येच अडकलेल्या फादरांच्या खुराड्यात एकही कोंबडी नव्हती आणि ताटात ईस्टरसाठी रंगवतात ते एकही लाल अंडं नव्हतं. ते तडक शेजारी मावशीकडे आले.

"दिवसभर खिडकीत बसता मावशी, कोल्हा दिसला नाही?"

"दिसला की. रोज एक न्यायचा."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं ना. रोज गुडघे टेकून देवाला सांगत होते," मावशी म्हणाली. "मला वाटलं, तुमचं त्याच्याशी बोलणं असतं."