क्रेन कोणी केली?

विज्ञान प्रदर्शनातली, पाणी भरलेल्या सिरिंजांवर चालणारी क्रेन धाकटीने एकटीने जोडली होती; दादाने क्रेनला फक्त रंग फासला होता. गेल्या वर्षी तिच्या पवनचक्कीवर त्याने असाच हक्क सांगितला, तेव्हा ती सर्वांसमोर खरे बोलली आणि घरी आईने तिचा कान पिरगाळला. "शहाणे, थोरल्या भावाला चारचौघांत खोटं पाडतेस? आपल्याच तोंडाने आपली टिमकी वाजवू नये!"

यंदाही परीक्षक येताच दादा छाती फुगवून पुढे झाला. "सर, मुख्य काम माझं. ही नुसती मदतीला होती."

आईने धाकटीकडे पाहून डोळे वटारले.

"छे, सर, कसली मदत!" धाकटी मान खाली घालून म्हणाली. "सगळं दादानेच केलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

आईचा जीव भांड्यात पडला.



धाकटी सकाळपासून शेजारच्या प्रत्येक टेबलावर जे टक लावून पाहत होती, तेच मग इथेही घडले: परीक्षकांनी क्रेनच्या साऱ्या नळ्या उपसून दादाच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "शाब्बास! आता पुन्हा जोडून दाखव."