उद्याचं माप

सकाळी उठल्याबरोबर तिने आधी रात्रीच्या पातेल्यांवरची झाकणं काढली. तळाशी डावभर आमटी आणि थोडा भात शिल्लक होता. तिने समाधानाने मान हलवली आणि कामाला लागली. टोमॅटो तिने बाजार उठायच्या वेळी, निवडून टाकलेल्या ढिगातून घेतले होते. त्यांचे डागाळलेले भाग तेवढे कापून काढले. बटाटे सालासकट चिरले. कोबीचा दांडा, जो इतर घरांत केरात जातो, तो बारीक किसून उकळत्या पाण्यात टाकला. मग डाळीची वाटी शिगोशीग भरली आणि बोटाने वरची शीग अलगद खाली उतरवली. काल एवढी लागली नव्हती. आज तरी कशाला लागेल? उतरवलेली डाळ माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गेली.

हे माप ती कारखान्याच्या उपाहारगृहात शिकली होती. तिथे ती अजूनही मुख्य आचाऱ्याच्या, वस्तादांच्या, हाताखाली स्वयंपाक करी. वस्ताद कधी कुणाला ‘पोटभर जेवलात का?’ असं विचारत नसत. दुपार सरली की ते पातेल्यात डोकावत आणि दुसऱ्या दिवशीचं माप ठरवत. “माणसं तोंडदेखलं बोलतात,” ते म्हणत. “पातेलं खोटं बोलत नाही.” त्यांच्या स्वयंपाकघरात अन्न कधी वाया गेलं नाही आणि कधी कमीही पडलं नाही.

नवऱ्याच्या कामाचे दिवस निम्म्यावर आले तेव्हा तिने हा नियम घरी आणला. मोठं पातेलं माळ्यावर चढलं, मधलं खाली आलं. पुढे मधलंही चढलं. तरी रोज काही ना काही उरतच होतं. कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांना वाढून झालं की “चव बघता बघताच माझं पोट भरलं,” असं म्हणून ती भांडी घासायला मोरीवर जाई; स्वतःला तिने त्या मापात कधी धरलंच नव्हतं. पत्र्याचा डबा मात्र भरत चालला होता. उद्या नवऱ्याचं काम पुरतं सुटलं तरी काही दिवस घर तरून जाईल, या विचारावर तिला झोप लागे.

अलीकडे तिला काही गोष्टी खटकत होत्या. नवऱ्याने खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. “बघ, लग्नातल्यासारखा दिसतोय की नाही?” असं वर त्याने हसून विचारलं होतं. सासऱ्यांची कवळी सैल होऊन बोलताना वाजू लागली होती. “म्हातारपणी पोटसुद्धा निवृत्त होतं, सूनबाई,” ते म्हणाले होते. आणि चिमणी, तिची मुलगी, शाळेचा जिना चढताना मध्येच बसून राहते, असं बाईंनी सांगून पाठवलं होतं. नवऱ्याची काळजी, सासऱ्यांचं वय, मुलीची वाढ, अशी तीन निराळी कारणं तिने शोधली होती, आणि ती तिला पटलीही होती.

त्या दिवशी उपाहारगृहाचं पाणी गेलं म्हणून वस्तादांनी तिला लवकर सोडलं. ती घरी आली तेव्हा सकाळची शाळा सुटून चिमणी परतली होती. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. चिमणी स्टुलावर उभी राहून आपल्या ताटातला भात चमच्याने पातेल्यात लोटत होती. मग तिने चमच्याची पाठ फिरवून वरचा थर सारखा केला आणि काठाला लागलेलं शीत बोटाने पुसून घेतलं. सराईत हात होता.

“काय गं हे?”

चिमणी दचकली. “थोडंच टाकलं. बाबांना लागेल ना.”

“आजोबांना माहीत आहे हे?”

“ते पण टाकतात. आणि बाबा रात्री टाकतात, तू मोरीवर गेलीस की.”

“हे असलं शिकवलं कुणी तुला?”

चिमणीने गोंधळून तिच्याकडे बघितलं. “तूच तर म्हणतेस, चव बघता बघताच पोट भरलं. मग तुझं ताट कुठे असतं?”

बाहेरच्या खोलीतून कवळीचा टकटक आवाज आला. “पोरीला रागावू नकोस, सूनबाई. आम्ही सगळे एकाच गुरूचे चेले.”

ती रागावली नाही. उपाहारगृहात माणसं अन्न टाकत, कारण त्यांचं पोट भरलेलं असे. आपल्या घरातलं उरलेलं अन्नही तिने त्याच मापाने मोजलं होतं. तिने वर माळ्याकडे पाहिलं. आपल्या काटकसरीने भरला म्हणून जो डबा ती अभिमानाने बघत आली होती, तो या माणसांच्या तोंडच्या घासांनी भरला होता.

संध्याकाळी तिने स्टूल ओढलं आणि डबा खाली उतरवला. मागोमाग मोठं पातेलंही उतरवलं, त्यावरची धूळ धुऊन काढली. वाटी शिगोशीग भरली. या खेपेला बोट फिरवलं नाही.

नवरा दारातच थबकला. “पाहुणे येणार आहेत की काय?”

“नाही. घरातलीच माणसं आहेत,” ती म्हणाली.

तिने चार ताटं मांडली. सगळे बसले आणि रोजच्यासारखे एकमेकांच्या ताटांकडे बघू लागले. “मला बेताचंच वाढ,” असं म्हणत नवऱ्याने हात आडवा धरलाही. तिने डाव उचलला, सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट भरून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून पहिला घास खाल्ला.